कापडाचे नोम घरी कसे करायचे: टोपी, नाक आणि दाढीचं गणित

लांब टोपी, टोपीखालून बाहेर आलेलं गोल नाक आणि नाकाखाली जमिनीपर्यंत दाढी. डोळे नाहीत, तोंड नाही, कान नाहीत. ख्रिसमसच्या सजावटीत दिसणारे हे नोम बघायला इतके सोपे वाटतात की लोक सरळ कात्री घेऊन बसतात, आणि मग तयार झालेला नोम एक तर सारखा मागे पडतो नाहीतर तो नोम न वाटता टोपी घातलेली उशी वाटतो. याचं कारण हेच की चेहराच नाहीये, त्यामुळे सगळा भाव तीनच गोष्टींवर येतो, टोपीची कड नाकावर कुठे टेकते, दाढी किती खाली येते आणि बुडाला वजन किती आहे. शिवण अगदी साधी असली तरी चालते, या तीन गोष्टी मात्र जमायलाच हव्यात, म्हणून मी खाली मापं देतेय आणि ती तशी का आहेत तेही सांगतेय, म्हणजे तुम्हाला लहान-मोठा कुठल्याही आकाराचा करता येईल.

आधी हा आहे कोण ते थोडक्यात, कारण रंग निवडताना त्याचा उपयोग होतो. हा मूळचा उत्तर युरोपातला शेतघराचा राखणदार. स्वीडनमध्ये त्याला टोमटे म्हणतात, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये निसे, फिनलंडमध्ये टोन्टू. गोठ्यात नाहीतर माळ्यावर राहतो, रात्री गुरांची काळजी घेतो, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री त्याच्यासाठी वाडगाभर लापशी ठेवायची, वर लोण्याचा गोळा हवाच. एका लोककथेत त्याला वाटतं की लापशीवर लोणी घातलेलंच नाही, म्हणून रागाच्या भरात तो घरातली गाय मारून टाकतो, मग लापशी खाता खाता बघतो तर लोणी वाडग्याच्या तळाशी असतं. मग त्याला फार वाईट वाटतं आणि तो झालेलं नुकसान भरून देतो. कोकणात आणि गोव्यात राखणदाराला वर्षाचं देणं द्यायला कोणी विसरत नाही, तसंच हे. स्वीडिश चित्रकार येन्नी न्यूस्ट्रॉम यांनी १८८१ साली एका कवितेसाठी टोमटेची चित्रं काढली आणि पुढे कित्येक वर्षं ख्रिसमसची कार्डं काढली, लाल टोपीचा पांढऱ्या दाढीचा टोमटे घराघरात पोचला त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या चित्रांमध्ये त्याला डोळे असतात बरं का, डोळ्यांवर ओढलेली टोपी ही आताच्या कापडी बाहुल्यांची पद्धत. शेतकऱ्याचे लोकरी कपडे म्हणून अंग करड्या रंगाचं आणि टोपी लाल, ही जुनी जोडी. मी कोणालाही पहिला नोम याच रंगात करायला सांगते. चमकी, टिकल्या, लेस लावायचा मोह होतो पण करडं जाडं कापड, लाल टोपी आणि पांढरी दाढी यापुढे बाकी सगळं फिकं पडतं.

सामान काय लागेल

टोपीला फेल्ट घ्या. फेल्टचे धागे निघत नाहीत, म्हणजे कड दुमडायची गरज नाही आणि टोपी उभी राहते. स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर साइझचे फेल्टचे ताव मिळतात, त्यात कडक आणि मऊ असे दोन प्रकार असतात, आपल्याला मऊ पण जरा जाड असलेलं हवं, कडक फेल्टची टोपी पुठ्ठ्यासारखी दिसते. अंगाला जुनं स्वेटर, शाल, थंडीतल्या पँटचं कापड, फ्लीसचं फाटकं पांघरूण काहीही चालेल, फक्त पातळ नको, कारण आत भरलेलं बाहेरून गाठीगाठींनी दिसतं. शिंप्याकडे सूटच्या कापडाची कात्रणं मागून बघा, करडा रंग हमखास असतोच.

दाढीसाठी लांब केसांचं फर, ज्याची सॉफ्ट टॉय बनवतात ते. केस ५-६ सेंमी लांब असलेलं घ्या, आखूड केसांचं फर टॉवेलसारखं दिसतं. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर क्राफ्टच्या सामानाची दुकानं आहेत तिथे विचारा, ऑनलाइनही मिळतं. एका नोमला तळहाताएवढा तुकडा पुरतो म्हणून भारंभार घेऊ नका. फर नाहीच मिळालं तर सुतळी घ्या, तिचे पीळ सोडवून जुन्या कंगव्याने विंचरा, मस्त पिंगट रंगाची दाढी होते आणि मला तर ती फरपेक्षाही त्याला जास्त शोभून दिसते. पांढरी लोकर असेल तर तिचेही पीळ सोडवून विंचरता येतात, वेळ लागतो पण दाढी फार मऊ होते.

आत भरायला उशीतला रेक्रॉन किंवा साधा कापूस. आणि वजनासाठी फिश टँकमध्ये टाकतात ते बारीक खडे नाहीतर धुऊन कडकडीत वाळवलेली वाळू, साधारण पाव किलो. बरेच जण तांदूळ नाहीतर डाळ भरायला सांगतात, थंड कोरड्या देशांत ते चालून जात असेल, पण आपल्याकडे एका पावसाळ्यात त्यात टोके होतात आणि सगळा नोम टाकून द्यावा लागतो, त्यामुळे धान्य नकोच. याशिवाय सुई, मजबूत दोरा, टाचण्या, जाड पुठ्ठा, ब्लेड आणि टोपी वाकवायची असेल तर २ मिमीची ॲल्युमिनियमची तार.

अंग

आपला नोम टोपीसकट साधारण एक फूट उंच होईल. कापडाचा ३३.५ सेंमी रुंद आणि १७ सेंमी उंच असा आयत कापा आणि तळासाठी १२ सेंमी व्यासाचा गोल. हे आकडे कुठून आले तर शिवल्यावर तळ १० सेंमी व्यासाचा राहणार, म्हणजे त्याचा घेर ३१.४ सेंमी, त्यात दोन्ही बाजूंचा एक एक सेंमी शिवणीचा धरला की ३३.५ च्या आसपास येतं. मोठा नोम हवा असेल तर तळाचा व्यास ठरवा, त्याला ३.१४ ने गुणा आणि २ मिळवा.

आयताच्या आखूड बाजू सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून शिवा, नळी तयार होईल. आता गोल चार घड्या करून त्याच्या कडेवर चार खुणा करा, नळीच्या खालच्या कडेवरही तशाच चार खुणा, आणि खूण खुणेला लावून टाचण्या टोचा. हे केलं नाही तर शिवता शिवता एका बाजूला कापड उरतं आणि तळाला चुण्या पडतात, मग नोम तिरका बसतो. मशीन असेल तर मशीनवर, नाहीतर हाताने बखिया घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन घातलेली घट्ट शिवण, इथे धावदोरा चालणार नाही कारण खड्यांचं वजन याच शिवणीवर येतं.

सुलट करा. आत ९.५ सेंमीचा पुठ्ठ्याचा गोल सरकवा, त्यामुळे बूड सपाट राहतं. खडे एका घट्ट पिशवीत भरून, पिशवी थोडी सैल ठेवून बंद करा आणि ती दुसऱ्या पिशवीत घाला, मग पुठ्ठ्यावर ठेवून हाताने पसरवा. पिशवी गच्च भरली तर तिचा गोळा होतो आणि नोम डुलतो, सैल असेल तर खडे सगळीकडे सारखे बसतात. आता कापूस. थोडा थोडा पिंजून भरायचा आणि आधी कडेकडेने मग मध्ये, आणि तुम्हाला पुरे वाटलं की त्यानंतरही अजून दोन मुठी भरा, कापूस महिनाभरात दबतो. शेवटी वरच्या कडेपासून एक सेंमी खाली दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालून ओढून घ्या, गाठ मारा. मधे भोक राहिलं तरी हरकत नाही, टोपीखाली झाकलं जाणारे.

शिवायचा कंटाळा असेल किंवा मुलांना सोबत घेऊन बसायचं असेल तर शाळेचा लांब मोजा घ्या. पावलाचा भाग कापून टाका, उरलेल्या नळीचं एक टोक उलट्या बाजूने रबरबँडने घट्ट बांधा, सुलट करा, खड्यांची पिशवी आणि कापूस भरा, वरचं टोकही बांधा. करड्या रंगाचे मोजे बऱ्याच शाळांना असतातच.

टोपी

टोपी म्हणजे शंकू, आणि शंकू म्हणजे वर्तुळाचा कापलेला तुकडा. गंमत अशी आहे की २० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा पाव भाग घेतला तर त्याची गोल कड ३१.४ सेंमी येते, आणि ३० सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचा सहावा भाग घेतला तरी ती ३१.४ च येते. म्हणजे दोन्ही टोप्या याच अंगावर बसतात, एक बुटकी आणि एक उंच. ए-फोर ताव २१ सेंमी रुंद असतो, त्यामुळे पाव भागाची टोपी एक सेंमी शिवणीसकट त्यात नेमकी मावते. उंच टोपीला मात्र फेल्ट मीटरवर घ्यावं लागतं.

पाव भाग आखायला सोपा, तावाच्या कोपऱ्यात दोन्ही कडांपासून एक एक सेंमी आत रेषा ओढल्या की तोच काटकोन. सहाव्या भागासाठी कोनमापक शोधत बसू नका. ३० सेंमी दोरीला पेन्सिल बांधा, एक टोक दाबून धरून कमान काढा, मग तीच दोरी न बदलता कमानीच्या एका टोकावर धरून त्याच कमानीवर दुसरी खूण करा. दोन खुणांपासून मधल्या बिंदूपर्यंत रेषा ओढल्या की बरोबर ६० अंश मिळतात, शाळेत भूमितीच्या तासाला कंपासने करायचो तेच. दोन्ही सरळ कडांना बाहेरून एक एक सेंमी वाढवून कापा.

शिवायच्या आधी तो तुकडा अंगाच्या वरच्या भागाला गुंडाळून बघा, कारण कापूस कोण किती ठासून भरतं त्यावर घेर बदलतो. टोपी अंगावर ५ सेंमी तरी खाली यायला हवी. शिवताना टोकाकडून सुरुवात करा आणि टोकाजवळचं जादा फेल्ट कापून टाका म्हणजे सुलट केल्यावर टोक नीट बाहेर येतं, लाटण्याचं टोक किंवा पेन आतून हलकं दाबा, कात्रीचं टोक घालू नका, भोक पडतं. टोपीच्या आत तार घालायची असेल तर तिची दोन्ही टोकं पक्कडने वळवून बंद करा, तार मागच्या शिवणीला टाके घालून बांधा. मग टोपी हवी तशी वाकवता येते, एकाची टोपी उजवीकडे, एकाची मागे, एकाची मधेच मोडलेली, आणि तीन नोम शेजारी ठेवले की प्रत्येक वेगळा माणूस वाटतो.

जुन्या स्वेटरची बाही हीसुद्धा तयार टोपीच आहे, मनगटाची पट्टी टोपीची कड होते. ३० सेंमी बाही कापायच्या आधी कापायच्या रेषेवर मशीन मारून घ्या नाहीतर विणकाम उसवत जातं. खणाच्या कापडाचीही टोपी छान दिसते, पण त्याचे धागे भराभर निघतात आणि ते फेल्टसारखं उभं राहत नाही, आतून बकरम, म्हणजे कापड कडक करायचं अस्तर, चिकटवूनच करा.

दाढी

फर कात्रीने वरून सरळ कापलं की केसांचीही टोकं सरळ कापली जातात आणि दाढी ब्रशसारखी दिसते. म्हणून फर उलटं ठेवायचं, पाठीमागच्या कापडावर पेनने आखायचं आणि ब्लेडने फक्त ते कापड चिरायचं, मग दोन्ही बाजू हलक्या हाताने ओढून केस वेगळे करायचे. आखायच्या आधी केसांवरून हात फिरवून बघा, हात ज्या दिशेला गुळगुळीत सरकतो ती दिशा दाढीची खालची बाजू. हे काम गॅलरीत करा, नाका-तोंडावर रुमाल बांधा, कापल्यावर तुकडा बाहेर झटका, तरी घरात दोन दिवस केस सापडतील.

आकार ढालीसारखा, वर १० सेंमी रुंद, खाली निमुळता, उंची फक्त ७ सेंमी. ही उंची कमी वाटेल पण लक्षात घ्या की मागचं कापड ७ सेंमी असलं तरी त्याच्या खाली केस अजून ५ सेंमी लोंबणार आहेत, म्हणजे दाढी १२ सेंमीची झाली. बरेच जण कापडच दाढीएवढं कापतात, मग दाढी टेबलावर लोळते आणि नोम उभा राहीनासा होतो. दाढी शेवटी जमिनीला जेमतेम टेकली पाहिजे, लांब झालीच तर कात्री उभी धरून टोकं थोडी थोडी छाटा.

सुतळीची दाढी करायची असेल तर २५ सेंमीचे तुकडे घ्या, मधोमध दुमडून एका दोरीवर शेजारी शेजारी अडकवा, मग पीळ सोडवा आणि विंचरा. दाट करा, विरळ दाढीतून अंग दिसतं.

नाक, आणि सगळं एकत्र आणणं

नाकासाठी माणसाच्या कातडीच्या रंगाचा स्टॉकिंग किंवा जुना टी-शर्ट घ्या, ७ सेंमीचा गोल कापा, कडेने धावदोरा घाला, मधे कापसाचा घट्ट गोळा ठेवा, ओढा, गाठ मारा. अडीच ते तीन सेंमीचं नाक होतं. २५ मिमीचा लाकडी मणीही चालतो, पण कापडी नाक जिवंत दिसतं, त्यावर थोडा लाल खडू बोटाने घासला की थंडीने लाल झाल्यासारखं वाटतं. नाक लहान ठेवू नका. इथे जरा मोठंच बरं.

आता घाई नको. सगळं आधी टाचण्यांवर लावा. दाढीची वरची कड तळापासून सुमारे ११-१२ सेंमीवर, नाक त्या कडेच्या मधोमध, अर्धं दाढीवर. टोपी वरून घालून खाली ओढत आणा, ती नाकाच्या वरच्या एक तृतीयांश भागावर टेकली की थांबा. मग चार पावलं लांब जाऊन बघा. टोपी वर राहिली तर नाकाच्या वर कपाळ दिसतं आणि तिथे डोळे नाहीत हे एकदम जाणवतं, फार खाली आली तर नाक दबतं आणि नोम गुदमरल्यासारखा दिसतो. नाकाचा वरचा भाग टोपीखाली गेला की बघणाऱ्याला डोळे टोपीआड आहेत असं आपोआप वाटतं. टोपी आणि दाढी दोन-तीन मिलिमीटर खालीवर करून बघत राहा, सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पटलं की दाढीची वरची कड आणि नाक सुईदोऱ्याने शिवून टाका, नाकातून सुई आरपार अंगात घेऊन तीन-चार टाके. शेवटी टोपीच्या कडेला आतून लपवलेले टाके, मागे आणि दोन्ही बाजूंना, समोर फक्त नाकाच्या दोन्ही बाजूंना एक एक. ग्लू गनने पाच मिनिटांत होतं हे खरं आहे, पण नाक धरून नोम उचलणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतंच, मुलं तर नाकच धरतात, आणि फेल्टवरचा ग्लू कधीतरी पापुद्र्यासारखा सुटतो. ग्लू लावायचाच तर टाका घालून वर लावा.

बाईनोम करायची तर दाढीऐवजी लोकरीच्या दोन वेण्या टोपीच्या कडेखाली शिवा, प्रत्येक वेणीला लोकरीचे पंधरा-अठरा पदर घ्या म्हणजे ती भरगच्च होते. हात हवे असतील तर अंगाच्याच कापडाच्या दोन बारीक नळ्या आणि टोकाला फेल्टचे पंजे, टोपीच्या कडेखालीच शिवून टाका. हात केले की त्याला काहीतरी धरायला देता येतं, दालचिनीची काडी, छोटा कंदील, चॉकलेट.

भेट द्यायला

ऑफिसात नाहीतर सोसायटीत बऱ्याच जणांना द्यायचे असतील तर झाडाला टांगायचे छोटे करा, त्यांना अंग लागतच नाही. ८ सेंमी त्रिज्येच्या पाव वर्तुळाची टोपी, आत कापूस, खालून फेल्टच्या गोलाने बंद, समोर बोटभर दाढी, छोटा मणी नाक म्हणून आणि टोकाला दोऱ्याचा फास. मोठ्या नोममधून उरलेल्या कात्रणांत हे सहज निघतात. एकेक पूर्ण करत बसण्यापेक्षा सगळ्या टोप्या एकदम कापा, सगळ्या शिवा, मग सगळी नाकं, असं केलं तर खूप लवकर होतं.

तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात द्यायचा असेल तर खडे, तार, मणी काहीच घालू नका. फरही नको, केस सुटून तोंडात जातात. नुसता कापूस भरा, तळ जरा रुंद ठेवा, दाढी फेल्टची कापा आणि कापडी नाक दोनदा शिवा.

कुरियरने पाठवताना टोपीतली तार सरळ करून नोम आडवा ठेवा, दाढीवर बटर पेपर गुंडाळा आणि सोबत एका चिठ्ठीत लिहा की टोपी हवी तशी वाकवा आणि दाढी बोटांनी मोकळी करा, नाहीतर समोरचा तो चपटा झालेला तसाच ठेवतो. २५ डिसेंबरच्या आत पोचला नाही तर फार जीवाला लावून घेऊ नका, स्वीडनमध्ये ख्रिसमसची सजावट १३ जानेवारीला उतरवतात, तोपर्यंत तुमच्या नोमलाही बसू द्या.

सजावट उतरवल्यावर नोम झटकून, फर विंचरून, एक दिवस सावलीत हवेशीर ठेवा. मग जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात घालून उभे ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पावसाळ्यात आत बुरशी धरते. खऱ्या लोकरीचं कापड वापरलं असेल तर सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला नाहीतर डांबराच्या गोळ्या ठेवा, गोळ्या कापडाला चिकटणार नाहीत अशा पुडीत बांधून. धुवायचा प्रसंग आलाच तर आख्खा नोम पाण्यात घालू नका, आतला पुठ्ठा लगदा होतो. डाग ओल्या फडक्याने टिपा, टोपीचे टाके सोडवून फक्त टोपी गार पाण्यात धुवा आणि वाळली की परत त्याच जागी शिवा.